सज्ज्याखालचं क्लॅरिनेट

लिब्रादाचे पुढचे दोन दात पुरते खाली उतरले त्या सकाळी फिदेन्सियो मास्तरांनी हातातला रंधा बाजूला ठेवला, नातीची हनुवटी दोन बोटांत धरून तिचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि वरचा ओठ हलकेच उचलला. समोरून बघितलं, खालून बघितलं, कडेने बघितलं. वरचे दात चांगले पुढे झुकले होते. त्यांच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये सुताराची पेन्सिल आडवी मावली असती.

"सज्जा आला," मास्तर म्हणाले. "एर्मेलिंदा, अगं बाहेर ये. पोरीला सज्जा आला."

एर्मेलिंदा म्हणजे मास्तरांची मुलगी, लिब्रादाची आई. हाताला मक्याचं पीठ तसंच ठेवून ती चुलीपासून उठून आली. तिने लेकीच्या तोंडात बघितलं, मग बापाच्या तोंडाकडे बघितलं. "बाबा, नवीन घराला सज्जा काढला तरी कुणी इतकं हरखत नाही."

मास्तर कुठले ऐकायला. दुपारपर्यंत ही बातमी पाववालीपासून चर्चच्या घंटेवाल्यापर्यंत पोचली होती, आणि ज्याच्यापर्यंत पोचली नव्हती त्याला मास्तरांनी वाटेत अडवून सांगितली. आणि लोकांनीही तोंड भरून अभिनंदन केलं. पाववालीने लिब्रादाला एक गोड पाव फुकट दिला. दुसऱ्या गावात अशा दातांच्या पोरीला ससा म्हणून चिडवलं असतं. सान मेल्चोरात तिचा मान वाढला.

कारण सान मेल्चोरात तोंड बघून वाद्य मिळतं. पोर आठ वर्षांचं झालं की तीन राजांच्या सणाला, म्हणजे गावच्या जत्रेच्या सकाळी, बँडमास्तर त्याला चर्चच्या पायरीवर उभं करतो, तोंड उघडायला लावतो आणि काय वाजवायचं ते सांगतो. आईबाप मध्ये बोलत नाहीत, पोराला विचारायची तर पद्धतच नाही. मास्तरांच्या आधी त्यांचे वडील हेच करायचे. मास्तर पडले सुतार, म्हणून त्यांनी तोंडांना घराची नावं दिली होती. वरचे दात पुढे आले तर सज्जा. खालचा जबडाच पुढे आला आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे जाऊन बसले तर ओटा. दाढा मिटल्या तरी पुढचे दात भेटत नाहीत आणि मधल्या फटीतून जीभ डोकावते ती खिडकी. वरच्या दातांनी खालचे पार झाकून टाकले तर झाकण. तोंड मिटताना हनुवटी एका अंगाला सरकते ते तिरकं दार. आणि दात एकमेकांच्या अंगावर चढून उभे असले तर तो रविवारचा बाजार. खिडकीला मोठ्या तोंडाचा ट्युबा, तिरक्या दाराला हॉर्न, सरळ दाराला ट्रम्पेट. ओट्याच्या तोंडात क्लॅरिनेटच्या टोकाची, फुंकल्यावर थरथरणारी वेताची पट्टी बसत नाही, म्हणून ओट्याला ढोल. आणि सज्ज्याला क्लॅरिनेट, कारण क्लॅरिनेटचं तोंड त्या दातांखाली असं जाऊन बसतं, जणू कुणी माप घेऊन केलंय.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्या घरांत सगळ्यांचे दात पुढे. मास्तरांच्या वडिलांचे होते, मास्तरांचे होते, एर्मेलिंदाचे आहेत. गावाने त्यातून सरळ हिशोब काढला होता की क्लॅरिनेट रक्तात असतं आणि ते आधी दातांत दिसतं.

मास्तरांच्या घरात वडिलांचं काळ्या लाकडाचं क्लॅरिनेट होतं. ते आयुष्यभर मास्तरांनी वाजवलं. पण वाजवून वाजवून वरचे दात हलायला लागले, आणि दोन जत्रांमागे पुढचा एक पडलाच. तेव्हापासून क्लॅरिनेट पेटीत मुकं पडून होतं. एर्मेलिंदाला तिचं स्वतःचं होतं, तिच्या हाताला तेच सरावलेलं. वडिलांचं क्लॅरिनेट लिब्रादाच्या गळ्यात घालायचं, आणि पुन्हा त्याचा आवाज ऐकायचा, एवढी एकच गोष्ट मास्तरांना आता आयुष्याकडून हवी होती. येत्या जत्रेला तिला आठ पूर्ण होणार होती. घोडामैदान जवळ होतं.

म्हणूनच लिब्रादा अंगठा चोखायची तेही मास्तरांना खुपत नसे. उलट एर्मेलिंदा पोरीच्या अंगठ्याला कोरफडीचा कडू चीक लावायची तेव्हा मास्तर तो गुपचूप बाहीने पुसून टाकायचे. "चोखू दे गं," ते म्हणायचे. "सज्जा फुकट उभा राहत नाही. तो अंगठा म्हणजे तिचा गवंडी आहे."

"आणि उद्या लग्नात अंगठा चोखत उभी राहिली म्हणजे?"

"नवरदेवाला सांगू, घराणं मोठं आहे."

या सगळ्याची टर उडवायला एकच माणूस होता, तो म्हणजे नेमेसियो. बँडचा ढोलवाला, मास्तरांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचा खालचा जबडा असा पुढे आलेला की हसला तरी रागावल्यासारखा दिसे. त्याचा मुलगाही ढोलवाला होता आणि नातू सेल्सो, लिब्रादाच्याच वयाचा, तोही ओटाच. नेमेसियोने नातवासाठी छोटा ढोल मढवून ठेवला होता.

"तुमच्या घराण्याचं बरंय मास्तर," नेमेसियो म्हणायचा. "पाऊस आला तरी तोंडात थेंब जात नाही."

"आणि तुमच्या घराण्यात पाऊस आला की घागर भरते."

"भरते तर. म्हणून तर आम्ही कुणाकडे पाणी मागत नाही." आणि मग थोडं थांबून तो एखाद वेळी म्हणायचा, "मागितलं असतं एकदा. क्लॅरिनेट मागितलं असतं. तुझ्या बापाने तोंडात बघितलं आणि म्हणाला, ढोल. मी अजून पायरीवरच उभा होतो." हे तो नेहमी हसत सांगायचा, आणि मास्तरही नेहमी हसत ऐकायचे.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर सरकारी दवाखान्यात नवीन दातांची डॉक्टर आली. शिक्षण संपल्यावर वर्षभर खेड्यात काम करायचं असतं, त्या नियमाने आली होती. रेनाता तिचं नाव. पोरगेलीच होती, पण कामाला वाघीण. आल्या आल्या तिने शाळेतल्या पोरांची तोंडं तपासायला काढली. पोरं तिला बघून बाकाखाली घुसली, तेव्हा हेडमास्तरांनी फिदेन्सियो मास्तरांना बोलावणं पाठवलं. त्यांनी "तोंड" म्हटलं की अख्खी शाळा जबडा उघडून रांगेत उभी राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी जी मजा झाली तिचं वर्णन शाळेतली पोरं अजून करतात. डॉक्टरबाई छोट्या आरशाने तपासत होत्या, मास्तर बाजूला स्टुलावर बसले होते. पहिल्याच पोरीने तोंड उघडलं आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "खिडकी."

डॉक्टरबाईंनी वळून बघितलं. पोरीला दाढा मिटायला सांगितल्या. पुढे फट, फटीत जिभेचं टोक. "खिडकीच आहे," त्या म्हणाल्या. "बाळा, तू बाटली किती वर्षं प्यायलीस?"

"अजून पिते," पोरगी म्हणाली आणि वर्ग हसला.

पुढचं पोर. "आता तुम्ही आधी सांगा," मास्तर म्हणाले.

"वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकतात. आणि हे बघा, टाळूला खालच्या दातांचे वण आहेत."

"झाकण," मास्तर म्हणाले. "पण वण मी कधी बघितले नव्हते. दाखवा, दाखवा." आणि ते स्टुलावरून उठून आरशात डोकावले.

मग दोघंही रंगात आली. पत्त्यांचा डाव पडावा तशी एकेक तोंडं पडत होती. एका मुलाने दात मिटले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या ठीक आहे, मास्तर म्हणाले थांबा, त्याला हळूच मिटायला सांगा. हळू मिटताना हनुवटी डावीकडे सरकली. "तिरकं दार," मास्तर म्हणाले. डॉक्टरबाईंनी कबूल केलं की घाईत त्यांच्या नजरेतून सुटलं असतं, आणि लगेच मास्तरांना सांगितलं की याचा वरचा जबडा अरुंद आहे, आत्ता रुंद करता येतो, मोठेपणी हाडं जुळली की अवघड होऊन बसतं. मास्तरांना हे नवीनच होतं. जबडा रुंद करता येतो? दाराची चौकट बसल्यावर? त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

एका बाईने आपल्या लहान पोराला पुढे केलं, म्हणाली, "याच्या दुधाच्या दातांत बघा केवढ्या फटी. नशीबच फुटकं." यावर मास्तर आणि डॉक्टरबाई एकदमच म्हणाले, "चांगलं आहे ते," आणि एकमेकांकडे बघून हसले. मोठे दात यायला जागा लागते. ज्यांचे दुधाचे दात खेटून उभे, किंवा गोड गोळ्या खाऊन दुधाची दाढ आधीच काढावी लागली आणि शेजारचे दात त्या जागेत कलंडले, त्यांच्याकडे पुढे बाजार भरतो. मास्तरांना बाजार दिसत होता. तो का भरतो ते डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि मास्तर कान टवकारून ऐकत होते.

मग लिब्रादाची पाळी आली. मास्तर छाती काढून उठून उभे राहिले. "ही माझी नात. आता बघा. असा सज्जा तुम्हाला शहरात नाही मिळायचा."

डॉक्टरबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. लिब्रादाला ओठ मिटायला सांगितले. ते मिटले, पण हनुवटीला सुरकुत्या पडल्या, एवढा जोर लागला. सोडल्यावर खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसला. डॉक्टरबाईंनी तिचा डावा अंगठा हातात घेतला. तो बाकीच्या बोटांपेक्षा गोरा, धुतल्यासारखा होता आणि त्यावर घट्टा पडला होता.

"रात्री तोंड उघडं ठेवून झोपते? घोरते?"

"घोरते ना," मास्तर कौतुकाने म्हणाले. "छाती कशी आहे बघा."

"मास्तर, हिच्यावर आत्ताच उपचार करायला हवेत. आधी अंगठा सुटायला हवा, मग नाकाची तपासणी. खालचा जबडा मागे राहिलाय. या वयात जबडा वाढत असतो, सांगितलं तर ऐकतो. पंधराव्या वर्षी ऐकत नाही. आणि हे दात इतके पुढे आहेत की पोरगी नुसती तोंडावर पडली तरी पहिला मार यांनाच." मग त्यांनी विचारलं, "ही वाजवणार काय?"

"क्लॅरिनेट," अख्खा वर्ग ओरडला.

"ते मात्र नको," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तर वर्गातून निघून गेले. वाटेत त्यांनी पाववालीकडेही बघितलं नाही. घरी आल्यावर मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कालची पोर येते आणि घराण्याची खूण रंधा मारून सपाट करायला निघते. माझ्या बापाचे दात वाईट होते म्हणे. चार गावं ज्याचं क्लॅरिनेट ऐकायला चालत यायची त्याचे दात वाईट.

"बाबा," एर्मेलिंदा म्हणाली, "मला अजून ओठ मिटून झोपता येत नाही. सकाळी घसा कोरडा पडतो. तुमचा दात का पडला?"

"म्हातारा झालो म्हणून पडला."

"नेमेसियो काकाही म्हातारेच आहेत. त्यांचे सगळे शाबूत आहेत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला. मास्तर रंधा उचलून कामाला लागले आणि चांगल्या फळीचं वाटोळं केलं.

त्यानंतरच्या तालमीत एक गोष्ट घडली. बँडमध्ये आब्दोन आणि सेनेन नावाचे जुळे होते, आता बाविशीतले. आठ वर्षांचे असताना दोघांचीही तोंडं सारखीच होती, अस्सल सज्जा. पण त्या वर्षी क्लॅरिनेट एकच शिल्लक होतं. ते सेनेनला दिलं आणि आब्दोनच्या हातात नाइलाजाने ट्रम्पेट आलं. तेव्हा गावाने आब्दोनसाठी हळहळ केली होती. जन्माचा क्लॅरिनेटवाला वाया गेला म्हणून त्याची आई रडली होती. मास्तर त्या दिवशी जत्रेची चाल बसवत होते. हात वर गेला, दोघं जुळे शेजारी शेजारी वाद्य तोंडाला लावायला निघाले, आणि मास्तरांचा हात वरच राहिला.

"तुम्ही दोघं. इकडे या. हसा."

"का?"

"हसा म्हणतो ना."

दोघं हसले. एक चेहरा, दोन तोंडं. सेनेनचा सज्जा आता चांगली गॅलरी झाला होता. आब्दोनचे दात सरळ नव्हते, पण सज्जा म्हणावा असंही काही उरलं नव्हतं. ही दोन तोंडं मास्तर दर आठवड्याला बघत होते. कोण आब्दोन आणि कोण सेनेन एवढंच त्यावरून ओळखत होते. ते उठले, दोघांना एकेका हाताने दंडाला धरलं आणि बँड तसाच टाकून दवाखान्याची चढण चढायला लागले. मागून नेमेसियो ओरडला, "मास्तर, कुठे निघालास? चाल अर्धी राहिली." मास्तर पळत होते. त्या वयात, त्या चढावर, खरोखर पळत होते.

डॉक्टरबाई जेवत होत्या. घास तसाच ठेवून त्यांनी दोघांना तपासलं, आणि त्यांचेही डोळे चमकायला लागले. पण त्या भल्या होत्या, मास्तरांना खूश करायला त्यांनी खोटं सांगितलं नाही.

"अंगठा कोण चोखायचा?" त्यांनी विचारलं.

"दोघंही," आब्दोन म्हणाला. "मी ट्रम्पेट आल्यावर सोडला. हा मिसरूड फुटेपर्यंत चोखत होता."

"गप बस," सेनेन म्हणाला.

"बघा मास्तर. म्हणजे अंगठ्याने किती केलं आणि वाद्याने किती, ते या दोघांवरून सांगता येणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असंही असेल. आमच्या पुस्तकांतही यावर एकमत नाही. पण क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांना आतून बाहेर ढकलतं आणि खालच्यांना आत दाबतं, हे खरं. ट्रम्पेट बाहेरून, ओठांवरून टेकतं. रोज तासन्‌तास, वर्षानुवर्षं. फांदी आधीच वाकलेली असताना तिलाच झोका कशाला बांधायचा?"

मास्तर खाटेवर बसले. त्यांना दम लागला होता. त्यांच्या डोळ्यांसमोरून तोंडं सरकत होती. प्रत्येक पोराचं आठव्या वर्षीचं तोंड त्यांना पाठ होतं, आणि आजचंही. थोडा सज्जा असलेली पोरं आणि आता त्यांचे झालेले सज्जे. क्लॅरिनेट दातांत दिसत होतं खरं. पण आधी काय आणि मागून काय, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांना शरम वाटली, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त नवल वाटलं. आयुष्यभर राहिलेल्या घरात एक नवी खोली सापडावी तसं झालं होतं.

"मग ओट्याला?" त्यांनी एकदम विचारलं. "वरचे बाहेर, खालचे आत. मग ज्याचे खालचेच पुढे आहेत त्याला क्लॅरिनेट दिलं तर?"

"त्याने जबडा बरा होणार नाही. ओट्याला उपचारच लागतो, आणि तो लवकर लागतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्या थांबल्या. "पण वाईटही काही होणार नाही. ढकललंच तर हव्या त्या बाजूला ढकलेल."

जत्रेला अजून अवकाश होता. मास्तरांनी गावात अवाक्षर काढलं नाही, पण त्यांचं सगळं वागणंच बदललं. दिवस दिवस सुतारशाळेचं दार आतून बंद. आतून चीं चीं आवाज. नेमेसियो दाराशी येऊन विचारायचा, "डुक्कर कापतोस का काय?" आतून पुन्हा चीं चीं.

लिब्रादाला सांगायचं काम सगळ्यात जड होतं. मास्तरांनी तिला लाकडांच्या ढिगावर बसवलं आणि सरळ सांगितलं की जुनं क्लॅरिनेट तिला मिळणार नाही. पोरीने अंगठा तोंडातून काढला. "मग मी तुमची नाही का आबा?" तिने विचारलं. पोरीला गावाने हेच शिकवलं होतं, आणि गावाला मास्तरांनी.

"दात माझे नसले तरी चालतील," ते म्हणाले. "नाक आहे ना माझं. नाकाला कोण हात लावतंय."

पोरगी नाकाला हात लावून हसली. मग मास्तरांनी खिशातून ट्रम्पेटचं नुसतं तोंड काढलं, पितळेची ती छोटी वाटी, आणि तिला दिलं. ओठ मिटून फुंकायचं. लिब्रादाचे ओठ मिटतच नव्हते. ती लाल झाली, फुस्स करून वारा गेला. पुन्हा फुस्स. पुन्हा. आणि मग एकदम गांधीलमाशीसारखा भुंभुं आवाज निघाला. ती उडालीच. "आबा, ओठ थरथरतात." त्या दिवशी तिने ते हातातून खाली ठेवलं नाही, जेवायला बसली तेव्हाही ते मांडीवर होतं. संध्याकाळी मास्तरांनी स्वतः कोरफड कापून तिच्या अंगठ्याला चीक लावला. एर्मेलिंदा चुलीपाशी बसून बघत होती.

"बाहीने पुसायला नको का बाबा?" ती म्हणाली.

"बडबड करू नकोस. भाकरी करपतेय बघ."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण दोन्ही हात ट्रम्पेटला लागतात आणि ओठ वाटीत, तेव्हा अंगठ्याला जागाच उरत नाही. तरी झोपेत तो जायचाच, मग एर्मेलिंदाने हाताला मोजा बांधला. हळूहळू सुटायला लागला.

राजांच्या सणाची सकाळ उजाडली. धुकं चर्चच्या दारापर्यंत आलं होतं, अंगणात चॉकलेटची मोठी भांडी उकळत होती, आणि अख्खा गाव पायऱ्यांपुढे गोळा झाला होता. सगळ्यांना एकच बघायचं होतं, फिदेन्सियोच्या बापाचं क्लॅरिनेट नातीच्या गळ्यात पडताना. काळी पेटी मास्तरांच्या पायाशी होती. डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या, हे लोकांना थोडं खटकलं.

मास्तरांनी हाक मारली, "लिब्रादा." लोक टाचा उंच करून बघायला लागले. मास्तर खाली वाकले, पेटीला हातही न लावता बाकाखालून एक ट्रम्पेट काढलं आणि नातीच्या हातात दिलं.

मग पाववाली म्हणाली, "मास्तर, चुकलात. ती सज्जा आहे."

"चुकत होतो," मास्तर म्हणाले. "मी तोंड बघून वाद्य देत आलो. त्या वाद्याने पुढे तोंडाचं काय होतं ते कधी बघितलं नाही. आजपासून तेही बघणार. ज्यांना समजून घ्यायचंय त्यांनी आब्दोन आणि सेनेनला हसायला सांगा." गर्दीची तोंडं जुळ्यांकडे वळली. सेनेनने हाताने तोंड झाकलं. आणि ही गडबड चालू असताना लिब्रादाने, कुणी सांगितलं नसताना, ट्रम्पेट ओठांना लावलं आणि फुंकलं. पायरीवरचं कुत्रं उठून पळालं. लोक हसले, आणि हसल्यावर मग रागवायचं राहूनच गेलं.

"सेल्सो," मास्तरांनी हाक मारली.

नेमेसियो गर्दीच्या कडेला स्वतःचा ढोल गळ्यात अडकवून, नातवाचा छोटा ढोल हातात घेऊन उभा होता. तो पुढे यायला लागला. मास्तरांनी हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. मग त्यांनी काळी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, आणि ते सेल्सोच्या गळ्यात घातलं.

"मास्तर," नेमेसियो म्हणाला, "चेष्टा आहे का?"

"कसली चेष्टा? सुतारशाळेत डुक्कर कोण कापत होतं असं वाटलं तुला?"

सेल्सोने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. इतरांसारखं खाली उतरतं नाही धरलं, चांगलं वर उचलून धरलं, मास्तरांनी शोधून काढलं होतं तसं. त्या पुढे आलेल्या जबड्यावर पट्टी अगदी नेमकी टेकली. आधी एक चिरका आवाज आला. मग आवाज आला तो काळ्या लाकडाचा, जाड, उबदार, जत्रांमागून जत्रा मुका राहिलेला. पोराने तोच एक सूर श्वास संपेपर्यंत धरला.

आता मिरवणूक निघायची. सगळ्यांनी वाद्यं उचलली आणि पहिल्या ठेक्याची वाट बघत उभे राहिले. ठेका आलाच नाही. नेमेसियो दोन्ही हात खाली सोडून उभा होता, एक ढोल गळ्यात, एक मांडीशी, आणि नातवाकडे बघत होता. त्याच्या पुढे आलेल्या जबड्यावरून डोळ्यांतलं पाणी घळाघळा गळत होतं. त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

मास्तर पायऱ्या उतरून गेले. त्यांनी नेमेसियोच्या गळ्यातला ढोल हळूच काढला, आपल्या गळ्यात अडकवला, काठी घेतली आणि ठेका दिला. चुकीचा दिला. बँड अडखळला, दोन पावलं मागे पुढे झाला, ट्युबा एकटाच पुढे गेला.

नेमेसियोने बाहीने तोंड पुसलं आणि काठीसाठी हात पुढे केला.

"दे इकडे," तो म्हणाला. "हे तोंड ढोलाचं नाही, मास्तर."